कोटाची माती

जेवणं झाली होती. इथे अमेरिकेत शिकायला आलेली पोरं ट्रॉयला माझ्याकडे जेवायला आली होती. भुताची गोष्ट सांगा म्हणाली. मी म्हटलं, सांगतो, पण मधे बोलायचं नाही.

प्रल्हाद कारखान्यात माझ्या शेजारच्या मशीनवर होता. खोटं बोलणारा माणूस नव्हे. चौऱ्याऐंशी सालची अनंत चतुर्दशी, रविवार. गावातल्या तळ्यात विसर्जन करू देत नाहीत. म्हणून तो, बायको नीला आणि पाच वर्षांची दीपा गाडीने उत्तरेला गेले. तिथे शेतांच्या मधोमध एक जुना मातीचा कोट आहे. गोल, गवताने भरलेला. बाहेरून खंदक, त्यात पाणी. आत जायला एकच वाट सोडलेली. इथल्या मूळ लोकांनी सहा-सातशे वर्षांपूर्वी बांधलेला.

"काका, अमेरिकेत भूत?" पोरांमधला शैलेंद्र हसला. "व्हिसा कोणी दिला त्याला?"

"तो इथलाच. व्हिसा आपल्याला लागतो. ऐक."

खंदकात गणपती सोडला. मग आपली रीत. तिथली मूठभर माती पाटावर घ्यायची, घरात चारी कोपऱ्यांना टाकायची. काठाला चिखल होता. नीला म्हणाली, "अहो, कोरडी घ्या, गाडी खराब होईल." प्रल्हादने कोटाच्या भिंतीची घेतली.

पाट मागे दीपाच्या मांडीवर. अंधार पडला. रस्ता सपाट, तरी गाडी ओढेना.

"बाबा, ही वॉन्ट्स इट बॅक. तो माती परत मागतोय."

"कोण गं?"

प्रल्हादने आरशात पाहिलं. मागे ती एकटीच. पण कडेला सरकून बसलेली. कुणाला तरी जागा करून...

त्याने गाडी वळवली. माती होती तिथे टाकली. पाट झटकला. हात जोडले. "चुकलं," म्हणाला.

रातकिडे बंद झाले होते...

गाडीत दीपाची उजवी मूठ मिटलेली. नीलाने बोटं ओढली. त्याने ओढली. उघडेना. पोर रडेना.

घरी झोपेत मूठ सुटली. आत माती. कोरडी.

धुतली. सकाळी पुन्हा मूठ. पुन्हा माती.

रोज. बर्फात जमीन दगड झाली, तरी रोज. प्रल्हाद किती वेळा कोटावर नेऊन टाकून आला. डॉक्टर म्हणाले, मूल मातीत खेळतं. बापाने काय करावं?

शेवटी घर विकलं. देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, फ्रीमाँटला गेला.

"मग सुटली?" शैलेंद्रने हळूच विचारलं. आता तो हसत नव्हता.

परवा फोन आला त्याचा. दीपाची मूठ उघडी असते. बरी आहे. फक्त घराभोवती मातीची कड उठली आहे. गोल. झाडली की सकाळी थोडी जास्त उंच.

म्हणाला, त्या कोटाला आत यायला एक वाट होती.

याला नाही.