तिसरी पंगत

"भैया, दीडशे पत्रावळी द्या... म्हणजे, दो," रत्नमाला म्हणाली, आणि सेक्टर सहाच्या बाजारातल्या हिंदीभाषी दुकानदाराने मोठ्या अदबीने समोर हात केला. "डाकघर उधर है, बहनजी."

मागून कोणीतरी हसलं, चांगलं मोकळं. ती रागाने वळली, तर सायकल धरून एक उंच, सावळा तरुण उभा. कपाळावर हेल्मेटचा वळ अजून ताजा होता.

"त्याले चिठ्ठीपत्र वाटलं," तो म्हणाला. "इथे पत्तल म्हना. बाबारावांची भाची ना तुमी, उमरेडवाली? त्यायनंच धाडलं मले मदतीले. मी गुलाब. मरोद्याले राहतो."

"गुलाब?" तिला हसू आवरेना.

"आईनं ठेवलं जी. आता बदलाचं म्हटलं तं कारखान्यात अर्ज द्या लागते."

मदतीची गरज होतीच. बाबारावमामा सव्वीस वर्षं इथल्या कारखान्याच्या मिलमध्ये राबून निवृत्त होत होते, शनिवारी सेक्टरच्या हॉलमध्ये दीडशे माणसांचं जेवण ठरलं होतं, आणि मामी ऐन वेळी पायाला प्लॅस्टर घालून बसल्या. म्हणून भाचीला बोलावलं. तिने जन्मात दहा माणसांच्या वर स्वयंपाक केला नव्हता, पण 'नाही' म्हणणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"सगळं ठरलं," दुसऱ्या दिवशी तिने ऐटीत यादी पुढे केली. गोळाभात, पातोडीचा रस्सा, कढी, जिलेबी. "बरोबर बाराला पंगत."

"बाराले?" गुलाबने डोकं खाजवलं. "पहिल्या पाळीवाले दोनले सुटतात. दुसऱ्या पाळीवाले दोनले आत जातात. अन् रातपाळीवाले बारापर्यंत घोरून राहतात."

"मग इथे सगळी माणसं एका वेळी जेवतात तरी कधी?"

"जेवतच नाई."

मग तीन पंगती ठरल्या. भात तीनदा शिजवायचा, गोळे तीनदा तळायचे, कढीला मात्र एकदाच फोडणी. रोज संध्याकाळी हॉलच्या पायऱ्यांवर दोघं याद्या खोडत, पुन्हा लिहीत बसत. चिंधू आचाऱ्याने रस्सा चाखायला दिला, तर गुलाबने चमचा आधी फुंकून गार केला आणि मग तिच्यापुढे धरला. एवढीशी गोष्ट, पण त्या रात्री तिला झोप लागली नाही.

आणि उमरेडहून बाबांचं पत्र आलं. रविवारी भिवापूरचे पाहुणे तुला बघायला येणार. जेवण आटोपलं की शनिवारच्या संध्याकाळच्या गाडीने नीघ. तिने ते गुलाबला सांगितलं. तो खाली मान घालून यादी खोडत राहिला.

शुक्रवारी मात्र बोलला. घरी मराठी आणि शाळेत हिंदी शिकलेला तो. नाजूक गोष्ट म्हणून त्याने जपून, भारदस्त शब्द शोधला. "रत्नमालाजी... तुमच्याशी लग्नाची... म्हणजे... आठ दिवसांपासून मी चेष्टाच करून राहिलो."

तिचा चेहरा उतरला. "चेष्टा?"

"हो जी! मनापासून. अन् पुढेही करीन. थकनार नाई."

रत्नमाला उठली. आठ दिवस आपण वेड्यासारखं झुरायचं आणि याने थट्टा करायची? "थकू नका. मी उद्या जातेच आहे," ती म्हणाली आणि डोळ्यांतलं पाणी दिसू नये म्हणून भराभर चालू लागली. गुलाब यादी हातात धरून तसाच उभा राहिला. आपलं काय चुकलं, हे त्याला काही केल्या कळेना.

शनिवारी पहिल्या दोन पंगती झकास उठल्या. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. बॅग बांधून तयार होती. अडीचला तिसऱ्या पंगतीला पहिल्या पाळीची माणसं हातपाय धुऊन पानांवर बसली, आणि फोरमन बाबुलालजी बोलायला उठले. "बाबारावजी ने छब्बीस साल बड़ी चेष्टा की. दिल से चेष्टा की!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मामा डोळे पुसत होते.

"मामी," ती कुजबुजली, "हे मामाजींची चेष्टा करून राहिले, अन् लोक टाळ्या वाजवतात?"

"अवं, हिंदीत चेष्टा म्हंजे कोशिश. धडपड," खुर्चीवरून मामी हसल्या. "पहिल्या वर्षी मी बी शेजारनीशी कडाकडा भांडली होती."

रत्नमालाला गुलाबचं कालचं 'मनापासून' आठवलं. मग सरळ पंगतीत शिरली. गुलाब कढीची बादली घेऊन वाकला होता.

"काल काय सांगत होते तुम्ही? नीट सांगा. मराठीत."

"मराठीतच तं सांगितलं होतं जी..."

"मोठे शब्द नको. साधं सांगा."

तो सरळ उभा राहिला. आवाज अगदी बारीक झाला होता. "तुमी जाऊ नका. तुमी गेल्या तं मले करमनार नाई... कधीच नाई."

एवढंच तर ऐकायचं होतं! तिला हसू आणि रडू एकदमच आलं. ती मामांच्या पानापुढे जाऊन उभी राहिली. "मामाजी, मी आजच्या गाडीनं जात नाही. बाबांना तार करा, पाहुण्यांना बोलावू नका म्हणावं."

मामांचा घास हातातच राहिला. त्यांनी भाचीकडे पाहिलं, मग गुलाबकडे. त्याच्या हातातल्या पळीतून कढी सतरंजीवर गळत होती.

"कारन काय लिहू?"

"माझं लग्न ठरलं, लिहा." ती कानापर्यंत लाल झाली, पण थांबली नाही. "यांच्याशी."

सगळी पंगत माना वळवून पाहू लागली. मामांनी घास तोंडात घातला, सावकाश चावला, गिळला.

"रस्सा कोनाच्या हातचा हाय?"

"चिंधू आचाऱ्याचा. चव आमच्या दोघांची," गुलाब कसाबसा म्हणाला.

"मंग हरकत नाई," मामा म्हणाले, आणि बाजूला सरकून त्यांनी दोघांपुरती जागा केली. "बसा आता. सकाळपासून उपाशी असाल."