टिली मावशीची उशी

“बाई, तुमचं पोट घसरतंय.”

डेल्फिनने चमकून खाली पाहिलं. खरंच की! झग्याच्या आत बांधलेली उशी मांडीपर्यंत आली होती. पुढे तव्यावर पॅनकेक, भोवती ओहायोच्या जत्रेतली गोरी गर्दी, आणि कानाशी कुजबुजणारा हा उंच, सावळा माणूस… शेजारचा आकाशपाळणा चालवणारा लूशियस.

“हसताय काय? गाठ मारा!” ती दातओठ खात म्हणाली.

त्याने मागून गाठ मारली. बोटं जराशी रेंगाळली… आणि तिचा पॅनकेक करपला.

भूगोल शिकवायचं रीतसर शिक्षण घेतलेली शिकागोची मुलगी ती! काळी म्हणून एकाही शाळेने घेतलं नाही, म्हणून पॅनकेकच्या पिठाच्या कंपनीत आली, तर त्यांनी तिची पाकिटावरची जाडी, हसरी काळी स्वयंपाकीण, ‘टिली मावशी’, करून टाकली. डोक्याला फडकं, पोटाला उशी, तोंडात अडाणी बोलणं. नुसता वैताग!

“तुमच्या मिसिसिपीत असं बोलतात?” तिने दुसऱ्या दिवशी लूशियसला विचारलं.

“असं बोललो असतो तर आईने कानफटात दिली असती. चला ना, पाळण्यात बसू.”

“ह्या सोंगात? मेले तरी नाही.”

“मग सोंग उतरवून.”

“करार आहे. आवारात टिली मावशीच्या सोंगाखेरीज दिसले, तर नोकरी गेली.”

“अहो, मग मी कुणाच्या प्रेमात पडलोय, हे मला कळायचं कधी?”

ती झटकन तव्याकडे वळली. पण दिवसभर पॅनकेक करपतच राहिले.

शेवटच्या दिवशी एका गोऱ्या बाईने तिच्या गालाला बोट लावून पाहिलं… रंग निघतो का!

“हस, टिली, हस!” मॅनेजर हॅस्केल मागून ओरडला.

बास! डेल्फिनने फडकं सोडलं, तव्याशेजारी ठेवलं. झग्यात हात घालून सगळ्यांदेखत उशी ओढून काढली.

“माझं नाव डेल्फिन आहे,” ती म्हणाली आणि तरातरा पाळण्याकडे निघाली.

लूशियसने दांडा दुसऱ्याच्या हाती दिला. पाळण्याची लोखंडी बैठक कडक होती. तिने उशी बैठकीवर टाकली. दोघं त्या उशीवर दाटीवाटीने बसले.

“नोकरी?” त्याने हळूच विचारलं.

“गेली! आणि रडू येतंय मला, तेव्हा लवकर सांगा… कुणाच्या प्रेमात पडलात?”

“जिला एक पॅनकेक धड करता येत नाही, तिच्या.”

पाळणा वर चढला. खाली हॅस्केल हातवारे करत होता. डेल्फिन खदखदून हसली… आठवड्यात पहिल्यांदाच, कुणी न सांगता.