आल्मा स्ट्रीटच्या पायवाटा

हार्मन फॉल्स शहराच्या पोटातून पूर्वी सहापदरी महामार्ग खंदकातून धावायचा. आता तो खंदक बुजवून वर गवत पेरलं होतं. नगररचना खात्यातली व्हर्लीन गॅस्किन रोज एक थांबा आधी बसमधून उतरायची आणि मैदानाच्या कडेला बाकावर बसून कॉफी प्यायची. मैदानात एकही फरसबंद वाट नव्हती. तो तिचाच हट्ट. "वर्षभर लोकांना हवं तिथून चालू द्या," असं तिने खात्यात ठासून सांगितलं होतं. "गवत जिथे मरेल तिथे वाट बांधू. टेबलावर बसून आखलेल्या वाटेने कोण चालतं?" पैसे वाचतात म्हटल्यावर साहेबांनीही मान डोलावली.

या मैदानाशी तिचं नातं नुसतं पगाराचं नव्हतं. इथे आल्मा स्ट्रीट होती, काळ्या माणसांची वस्ती. महामार्गासाठी ती पाडली, त्यात तिच्या आजीचंही घर गेलं. महामार्ग हटवा, या मागणीसाठी व्हर्लीन आणि वॉर्डाचे नगरसेवक आणि तिथल्या चर्चचे पाद्री रेव्हरंड लायनेल टॉलिव्हर कित्येक वर्षं घरोघर फिरले होते. जमीन मोकळी झाली की ज्यांची घरं गेली त्यांच्या मुलानातवंडांना मिळेल, असा शब्द दोघांनी दिला होता. म्हाताऱ्यांनी तो व्हर्लीनच्या तोंडाकडे बघून मानला.

मे संपताना वाटा दिसायला लागल्या. बसथांब्यापासून शाळेकडे तिरकी गेलेली एक होती, ती अपेक्षितच. बाकीच्यांनी मात्र तिला चक्रावून टाकलं. मोकळ्या मैदानात माणूस सरळ चालतो. या वाटा मध्येच काटकोनात वळत होत्या, भिंतीला वळसा घालावा तशा. काही गवताच्या मधोमध येऊन संपत होत्या, आणि संपायच्या जागी माती उघडी पडली होती, दारातल्या मातीसारखी. त्यांच्यावरून चालताना कुणीच दिसत नव्हतं. सिग्नलवरच्या कॅमेऱ्यातही वाऱ्यावर हलणारं गवत तेवढं होतं.

शेवटी तिने मिस इओलाला आणलं. घरं पाडली तेव्हा इओला सिमन्स गल्लीतली नवी नवरी होती, आता नव्वदीला टेकलेली. म्हातारी काठी टेकत एका वाटेने गेली, वळणावर न अडखळता वळली आणि खुदकन हसली.

"हे डोरीनचं मागचं दार. बया पुढनं कधी आलीच नाही. पुढे सासू बसलेली असायची ना!"

"मिस इओला, इथे कोण चालतंय?"

"मला काय विचारतेस पोरी? मी अजून जिवंत आहे."

व्हर्लीनला हसू आलं आणि अंगावर काटाही. हे खात्यात सांगायची सोय नव्हती. तिने फक्त टॉलिव्हरला बोलावलं. कोपऱ्यावरच्या त्याच्या लहानपणच्या घराच्या जागीही एक वाट जात होती, सगळ्यांत रुंद, कारण त्याची आई साऱ्या गल्लीला जेवू घालायची. रेव्हरंडने हॅट काढली आणि त्या उघड्या मातीवर तळहात टेकवला. त्याचे डोळे भरून आले होते.

"ही जमीन दुसऱ्या कुणाच्या घशात जायची नाही, सिस्टर. मी जिवंत असेपर्यंत तरी नाही."

तिने विश्वास ठेवला. का नाही ठेवायचा?

ऑक्टोबरात नगरसभेत ठराव आला आणि जमीन एका बांधकाम कंपनीला गेली. पहिला हात टॉलिव्हरने वर केला. आराखड्यात छतावर सौर पॅनेल, पावसाचं पाणी साठवायची सोय, सायकलींना जागा, दारात बस. व्हर्लीनने उभं आयुष्य अशाच इमारतींची स्वप्नं बघितली होती, म्हणून तर घाव जास्त खोल गेला. भाडं असं की आल्मा स्ट्रीटच्या एकाही घराला परवडू नये. हात खाली घेताना टॉलिव्हरने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने फोन केले, त्याने उचलले नाहीत.

"त्याने केसाने गळा कापला," मिस इओला म्हणाली. "पण मी त्याच्या शब्दावर नव्हते गेले, पोरी. तुझ्या शब्दावर गेले होते."

व्हर्लीनला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नोव्हेंबरात सगळं गवत पिवळं पडलं. टॉलिव्हरच्या दाराकडे जाणारी वाट मात्र हिरवी झाली. त्या थंडीत इथे तणसुद्धा उगवत नाही, पण तिथे कोवळं, दाट गवत उगवून ती वाट बुजत गेली. बाकीच्या वाटा कोपऱ्यापर्यंत येऊन आता दुसरीकडे वळत होत्या.

मग पहिला बर्फ पडला.

सकाळी व्हर्लीन बसमधून उतरली. उजाडून बराच वेळ झाला होता, आकाश स्वच्छ होतं. मैदानात बर्फातही वाटा मळलेल्या होत्या. डोरीनच्या मागच्या दाराकडे, आजीच्या पायरीकडे, या दारातून त्या दारात. कोपऱ्यावरची जागा कोरी होती.

ती बाकावर बसली. कॉफीचं झाकण काढून तिने मान वर केली, तर त्या कोऱ्या बर्फावरून टॉलिव्हर सरळ तिच्याकडे येत होता.

"सिस्टर व्हर्लीन! फोन उचलत नाहीस."

"मी करत होते तेव्हा तुम्ही कुठे उचलत होता, रेव्हरंड?"

"रागावलीस. बरोबर आहे तुझं. पण नुसतं गवत बघत किती दिवस बसायचं? तळमजल्यावर आल्मा स्ट्रीटच्या नावाची पाटी लावणार आहेत. पितळेची."

"मग मिस इओलाने त्या पाटीत राहायचं का?"

तो कसनुसं हसला. तोंडातून वाफ निघाली. तो नेहमीसारखाच धिप्पाड होता, जड बुटांतला, हाताच्या अंतरावर उभा.

व्हर्लीनचं त्याच्या हसण्याकडे लक्ष नव्हतं. ती त्याच्या मागे बघत होती.

बसथांब्यापासून बाकापर्यंत तिची स्वतःची पावलं खोल उमटली होती. त्याच्या मागे, पार पलीकडच्या रस्त्यापर्यंत, बर्फ सपाट होता.

"काय बघतेस?"

तो वळला. मग त्याने उजवा पाय उचलला आणि टेकवला. पुन्हा उचलला, आणि जोरात आपटला. बर्फावर ठसा उमटला नाही.

"व्हर्लीन," तो हळूच म्हणाला, "तू मला येताना बघितलंस ना?"