डाव्या मिशीचा सूड

दिवे पुन्हा लागले, कारागिरानं चेहऱ्यावरचा टॉवेल उचलून टोपलीत टाकला, आणि मिशीसाहेबांची डावी मिशी जागेवर नव्हती.

उजवी होती. जाडजूड, टोकाला विंचवाच्या नांगीसारखी वळलेली. डावीकडे नुसता ओठ. बरीच वर्षं झाकून ठेवलेल्या वस्तूसारखा तो जरा ओशाळलेला दिसत होता.

अशा वेळी काय बोलायचं असतं ते शाळेत शिकवत नाहीत.

"काय झालं?" मिशीसाहेबांनी खुर्चीत पडल्यापडल्या विचारलं.

यजमानाच्या तोंडाबद्दल पाहुण्यानं बोलू नये, असं भावजींचं मत होतं. त्यांनी समोरच्या आरशाकडे बोट दाखवलं.

मग जी आरोळी उठली, तिनं कपाटातले जुने वस्तरे किणकिणले.

आता हे भावजी तिथे कसे, तर वहिनींमुळे. वहिनींचा धंदा खाजगी तपासाचा, आणि परगावी गेल्यावर छंद संग्रहालयांचा. लोक डोंगर बघतात, तळी बघतात. वहिनी कुणी न बघितलेली संग्रहालयं बघत. परवा गाठींचं पाहिलं होतं, काल बटणांचं. त्यातलं एक बटण भावजींना आवडलंही होतं, पण एका बटणावर माणूस दुपार किती काढणार? दादा, म्हणजे वहिनींचे यजमान आणि भावजींचे थोरले भाऊ, पोट धरून हॉटेलात पडून होते. तिघांत सुखी तेच, असं भावजींना सकाळपासून वाटत होतं.

आजचं संग्रहालय दाढी-मिशीचं होतं. खालच्या मजल्यावर तिकिटाच्या खिडकीत काकू बसल्या होत्या, संस्थापक मिशीसाहेबांच्या पत्नी. पुढ्यात पिठाच्या खळीची वाटी घेऊन त्या काचेवर 'साहेबांच्या मिशीला हात लावू नये' अशी नवी पाटी चिकटवत होत्या. त्यांनी दिलेलं तिकीट भावजींच्या बोटाला असं चिकटलं, की पहिलं दालन त्यांनी हात झटकतच पाहिलं.

माहिती सांगायला साहेबांचा पुतण्या होता. बरोबर आणखी एकच पाहुणा. तो जिथे जाई तिथे मोबाइलवर तारे देई, म्हणून भावजींनी त्याचं नाव तारेवाला ठेवलं. मागच्या खेपेला त्यानं 'इथे साबणाचा वास येतो' असं लिहिलं होतं. त्याखाली मिशीसाहेबांनी लांबलचक उत्तर दिलं, त्यात त्याच्या आईनं लावलेल्या वळणाचाही उल्लेख होता. दिलेला एक ताराही काढून घ्यायला तो मुद्दाम परत आला होता.

वरच्या दालनात मिशीसाहेब स्वतः भेटले. चांदीच्या मुठीचा एक वस्तरा त्यांनी अभिमानानं दाखवला. तो चोरीला गेला होता म्हणे. तेव्हाच्या कारागिरानंच नेला. 'तो चोर नसेल तर मिशी उतरवीन,' असं साहेबांनी चारचौघांत ठणकावून सांगितलं होतं.

"मग सापडला कुठे?" वहिनींनी विचारलं.

"कपाटामागे," पुतण्या म्हणाला. "काकांच्याच."

साहेबांनी पुतण्याकडे असं पाहिलं, की तो पुढचं सगळं दालन मुका झाला. त्या कारागिराचं काय झालं, असं वहिनींनी विचारेपर्यंत साहेब ब्रशांच्या कपाटापाशी पोचले होते.

शेवटी होता 'अनुभव'. जुन्या खुर्चीत आधी पाहुण्याला बसवत. सध्याच्या कारागिरानं भावजींच्या मिशीला मेण लावून असा पीळ दिला, की आरशात त्यांना आपल्या जागी एखादा सेनापती दिसला. मग गरम टॉवेल तोंडावर आला, आणि तो उचलल्यावर सेनापतीची मिशी चुलीजवळ ठेवलेल्या मेणबत्तीसारखी लोंबत होती.

"आता आमची बघा," मिशीसाहेब खुर्चीत बसत म्हणाले. "रोज बसतो. टॉवेल कितीही गरम असो, पीळ ढळणार नाही. ढळला तर तिकिटाचे पैसे परत."

कारागिरानं त्यांच्या तोंडावर टॉवेल टाकला. दिवे गेले. चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा घासल्याचा आवाज कर्ण्यातून आला. हाही अनुभवाचाच भाग. मग दिवे आले, आणि पुढचं सांगून झालं आहे.

"वस्तरा कुणाच्या हातात होता?" आरोळी संपल्यावर मिशीसाहेब गरजले.

वस्तरा मिटवून ताटलीत ठेवला होता, असं कारागीर म्हणाला. किडकिडीत, हळू आवाजाचा माणूस. त्याचं ऐकतो कोण? सूड घेतलास, साहेब म्हणाले. सकाळी सुट्टी नाकारली त्याचा सूड. आत्ताच्या आत्ता चालता हो. आणि गावातल्या एकूण एक सलूनवाल्याला मी आज फोन करणार आहे.

"याच्यापुढे पुन्हा कुणी मान केली नाही पाहिजे," ते म्हणाले. "हाच चोर आहे. नसेल तर मिशी उतरवीन."

"कुठली?" तारेवाल्यानं विचारलं.

कारागिरानं दोन्ही हात पाठीमागे घेतले. मग तो वहिनींकडे वळला. "ताई, तुम्ही तपासाचं काम करता असं हे मघाशी खुर्चीत म्हणाले. हात बदनाम झाले तर माझ्याकडे दुसरं काही नाही."

तपासाची काही गरज नाही, असं मिशीसाहेब तीनदा म्हणाले. तीनदा म्हटलेली गोष्ट वहिनी कधीच ऐकत नसत. त्यांनी दाराला आतून कडी घातली आणि साहेबांचा ओठ अगदी जवळून पाहिला. त्यावर पांढरट खपल्या होत्या. साबणाचा फेस असेल, भावजी म्हणाले. वहिनींनी ब्रश उचलून त्यांच्या हातात दिला. कोरडा ठणठणीत होता.

"भावजी, खाली बघा. खुर्चीवर, अंगावरच्या कापडावर, फरशीवर. केस दिसतात?"

भावजी गुडघ्यांवर बसून दालनभर फिरले. "एकही नाही. टॉवेलच्या टोपलीत एक मेलेला उंदीर आहे तेवढा."

"राहू दे तो उंदीर!" मिशीसाहेब ओरडले.

मुक्या जिवाबद्दल इतका कळवळा पाहून भावजींना साहेबांविषयी प्रथमच आदर वाटला.

मग एकेकाची चौकशी झाली. तारेवाला म्हणाला, हे मी केलं असतं तर स्वतःला पाच तारे दिले असते. पण अंधारात मी आवाज रेकॉर्ड करत होतो. त्यानं तो ऐकवला. त्यात कर्णा होता आणि भावजींची जांभई होती.

पुतण्याला संग्रहालय मोडून तिथे कॉफीचं दुकान काढायचं होतं. काका त्याला पाहुण्यांसमोर 'बिनमिशीचा' म्हणत. "माझा सूड मोठा आहे," तो थंडपणे म्हणाला. "अर्ध्या मिशीवर भागायचा नाही."

एवढ्याशा संग्रहालयात सुडाला रांग लागली होती.

सगळ्यात शेवटी काकूंना वर बोलावलं. त्या हात पुसत आल्या, नवऱ्याचं तोंड पाहिलं, आणि खुर्ची ओढून शांत बसल्या.

"तो आधीचा कारागीर," वहिनींनी विचारलं, "तुमचा कोण?"

"धाकटा भाऊ."

"आता काय करतो?"

"पलीकडच्या गावात कुत्र्यांचे केस कापतो. चोर म्हणून नाव झालं, माणसं येईनात. कुत्री मागचं काही विचारत नाहीत."

दिवे गेले तेव्हा त्या खाली खिडकीतच होत्या. दिवसभरात या दालनात पाऊलही टाकलं नव्हतं, आणि पुतण्यानंही तेच सांगितलं. भावजींनी मनातल्या मनात काकूंच्या नावावर काट मारली.

वहिनी मिशीसाहेबांच्या कानाशी वाकल्या. भावजी आणि काकू जवळ होते म्हणून त्यांना ऐकू आलं. "कारागिराला सोडा. मग मी एक अक्षर बोलत नाही, आल्या वाटेनं जाते."

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी कारागिराकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, आरशाकडे पाहिलं. मग मान ताठ करून मोठ्यानं म्हणाले, "तोच चोर आहे."

काकूंनी डोळे मिटले. कशाची तरी वाट बघून थकलेलं माणूस मिटतं तसे.

"ठीक," वहिनी सरळ उभ्या राहिल्या. "भावजी, त्या उंदराला शेपूट होती?"

"होती. वर वळलेली."

"टोकाला पीळ?"

"होता की. चांगला दिलेला…" भावजी थांबले. आयुष्यात प्रथमच एखादी गोष्ट त्यांच्या लक्षात वहिनींच्या पाठोपाठ लगेच आली, आणि ती नेमकी अशी असावी याचं त्यांना वाईट वाटलं.

चिमट्यानं उचलून आणलेला उंदीर वहिनींनी आरशापुढे ताटलीत ठेवला. ती मिशी होती. डावी. संपूर्ण. मागच्या बाजूला बारीक जाळी, आणि जाळीवर पांढरा, ओलसर लगदा.

"मिशी कुणी कापली, हा प्रश्नच चुकीचा होता," वहिनी म्हणाल्या. "कापली असती तर केस सांडले असते, फेस लागला असता, निदान ओरखडा तरी. साहेबांच्या हनुवटीवर सकाळच्या दाढीची हिरवट झाक आहे. वरच्या ओठावर काही नाही, दिव्याच्या बल्बसारखा तुळतुळीत. तिथे केस उगवतच नाहीत. आणि भावजींची मिशी आपण सगळ्यांनी पाहिली. गरम टॉवेलखाली मेण वितळतं, खरी मिशी लोंबते. साहेबांची रोज टिकते. जी मिशी कधीच लोंबत नाही, ती मिशी नसते."

"पण मग आजच का पडली?" पुतण्यानं विचारलं. त्याच्या चेहऱ्यावर सणासुदीचा आनंद होता.

"आणि अर्धीच का," वहिनी म्हणाल्या. "दोन तुकडे आहेत. दोन्ही एकाच डिंकानं चिकटवले असते तर दोन्ही राहिले असते, नाहीतर दोन्ही पडले असते. उजवा नेहमीसारखा पक्का आहे. डावा लावला होता पिठाच्या खळीनं. खळीला वाफ लागली की ती सुटते. टॉवेल उचलताना मिशी त्याच्याबरोबर टोपलीत गेली. कारागिराला कळणार कसं? मिशीला हात लावायची बंदी आहे, खाली पाटीच आहे. अंधाराचा, वस्तऱ्याचा यात काही संबंध नाही. आपण सगळे हॉटेलात चहा पीत होतो तेव्हाच गुन्हा करून झाला होता. तो करायला या दालनात यावं लागत नव्हतं. सकाळी मिशी लावताना साहेबांच्या समोर बसावं लागत होतं."

सगळ्यांची नजर काकूंच्या बोटांकडे गेली. नखांत अजून पांढरं होतं.

"रोज मीच लावते," काकू म्हणाल्या. आवाज खिडकीतून सुटे पैसे द्यावेत इतका साधा होता. "वस्तरा यांच्याच कपाटामागे सापडला तेव्हा खरी मिशी होती. म्हटलं, शब्द दिला होतात, उतरवा. माझ्या भावाचं नाव साफ होईल. म्हणाले, मिशी म्हणजे संग्रहालय. पुढे आजारपणात ती आपोआप गळाली. तेव्हाही म्हटलं, निदान आता सांगा की शब्द पाळला म्हणून. तर ही मागवली. रोज सकाळी आरशापुढे मी हे खोटं यांच्या तोंडावर चिकटवत आले."

"पूर्ण पाडायची होतीस," मिशीसाहेब पुटपुटले. "अर्धी कशाला?"

"पूर्ण पडली असती तर नवसाला उतरवली म्हणून सांगितलं असतंत. अर्धीचं काय सांगाल ते बघायचं होतं." त्या कारागिराकडे वळल्या. "तुला उभं जाळलं, बाबा. पण मला बघायचं होतं, हा माणूस दुसऱ्यांदाही तेच करतो का. या बाईंनी त्याला वाट काढून दिली, तीही घेतली नाही. यांनी चौकशी नसती केली तरी मी तुला दाराबाहेर पडू दिलं नसतं."

कारागिरानं पाठीमागचे हात पुढे घेतले, मिशीसाहेबांच्या अंगावरचं कापड सोडलं आणि नीट घडी करून त्यांच्या मांडीवर ठेवलं. नोकरी कुणी सोडली, हे आता सगळ्यांना स्पष्ट कळलं. पुतण्यानं त्याला हळूच विचारलं, कॉफी करता येते का.

मिशीसाहेबांनी उजवी मिशी ओढली. ओठ पुढे आला, मिशी आली नाही. पुन्हा ओढली. डोळ्यांत पाणी आलं.

"ती सुटायची नाही," काकू म्हणाल्या. "चपला चिकटवायचा डिंक आहे."

भावजींना वहिनींचं सगळं पटलं होतं, एक 'उजवा नेहमीसारखा पक्का' सोडून. वहिनींनीही मान हलवून ती चूक कबूल केली.

"सोडवायचं औषध माझ्यापाशी आहे," काकू पदर खोचत उठल्या. "पण ते भावाच्या दुकानात मिळेल. त्याच्यासमोर, त्याच्या शेजाऱ्यांसमोर, चोर कोण होता ते मोठ्यानं सांगितल्यावर. तोवर अशीच राहील. चला."

"गाडी बोलावतो," साहेब क्षीण आवाजात म्हणाले.

"बसनं जायचं."

तारेवाल्यानं त्या दिवशी आयुष्यात प्रथमच पाच तारे दिले. भावजींनी वहिनींना विचारलं, तुम्ही त्या बाईला अडवलं का नाही. सुडानं काय साधतं, असं काहीतरी त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. अडवणं माझ्या धंद्यात बसत नाही, वहिनी म्हणाल्या, मी फक्त शोधते.

दोघं बाहेर आले तेव्हा भर दुपारच्या उन्हात थांब्यावर बस उभी होती. बाजार सुटला होता, बस खच्चून भरलेली. काकूंनी मिशीसाहेबांना खिडकीपाशी बसवलं, काच पूर्ण खाली केली आणि स्वतः शेजारी बसल्या. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. एकानं दुसऱ्याला कोपरानं ढोसलं. मिशीसाहेबांनी हळूच तळहात उचलून ओठावर नेला.

बस हलली.

"हात खाली," काकू म्हणाल्या.