पोट चोळू नका

हसा, हसा. मी सांगतो त्यातलं निम्मं खोटं असतं, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. हे उरलेल्या निम्म्यातलं. माझा दोस्त नियाज, जीपवाला, त्याच्यावर गुदरलेलं.

गेल्या डिसेंबरातला शेवटचा मंगळवार. नियाज पाथर्डीला पाहुणे सोडून रिकाम्या जीपनं नेवाशाला परतत होता. रात्रीचा एक वाजलेला. ऊसतोड्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, त्यांच्या थोडं अलीकडं एक बाई आडवी आली. कमरेत वाकलेली, हात पोटावर.

"दादा, माझ्या पोरीचं, दिशाचं, पोट दुखतंय. सासूबाईला म्हनावं, चोळू नका. दवाखान्यात न्या."

"बसा की मागं."

बसली नाही. पुढं चालू लागली. नियाजनं गिअर टाकला. ती पायी, हा जीपमध्ये... अंतर काही कमी होईना.

दिवा दिसला त्या कोपीपाशी पोचला, तर बाई नाही.

आत आठेक वर्षांची पोर गुडघे पोटाशी घेऊन कण्हत होती. आजी वाटीत तेल कोमट करत होती.

"नाळ सरकली हाय," म्हातारी म्हणाली. "चोळलं की येती जाग्यावर."

"हिच्या आईनं सांगितलंय, चोळू नका."

वाटी कलंडली. पोरीचा बाप बिभीषण उठून उभा राहिला.

"कुनी सांगितलं?"

"आईनं. आत्ता, रस्त्यात..."

बिभीषणनं म्हातारीकडं बघितलं.

"ती गेल्या हंगामात गेली, दादा. हितंच. आसंच पोट दुखत हुतं. आमी चोळत बसलो... आत फुटलं. दवाखाना गाठला तवर..."

त्यानं वाटी पायानं बाजूला सारली. पोर उचलून जीपमध्ये घातली.

नगरला डॉक्टर मधुवंतीबाईंनी तिला तसंच टेबलावर घेतलं. बाहेर येऊन म्हणाल्या, "अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. चोळलं असतं तर हातची गेली असती."

बिभीषण बाकड्यावर बसला. हळूच म्हणाला, "नियाजभाई... ती चालत कशी हुती? पोट धरून, का सरळ?"

नियाजनं मान खाली घातली. "सरळ. एकदम सरळ."

तेवढ्यावर तो गडी ओंजळीत तोंड घालून रडला.

सकाळी पोरीला वॉर्डात आणलं. रात्रभर ती आतच होती, नर्सशिवाय कोणी नाही. नर्सनं ऑपरेशनची टोपी काढली आणि थांबली. टोपी घातली तेव्हा केस मोकळे होते.

आता दोन वेण्या. घट्ट. रिबिनीऐवजी हिरव्या साडीचा काठ फाडून बांधलेला.

बिभीषणनं तो काठ बोटांत धरला...

"ह्याच साडीत तिला जाळली हुती."