जिवतीहून आलेली नळी

"माह्या मायच्या रक्तात कॅन्सरच्या पेशी नाई म्हणे!" दीपिकाने अहवाल टेबलावर आपटला. "औषध थांबवलं. मंग गाठ काऊन वाढली?"

चंद्रपूरच्या खासगी तपासनीस रंजीता साखरे यांनी अहवाल वाचला. सहायक धनराज म्हणाला, "मशीन चुकली असंल, मॅडम."

प्रयोगशाळेत डॉ. मोहुर्लेंनी तळहातावर काचेची छोटी चिप ठेवली. "केसासारख्या बारीक वाटांतून रक्त सोडतो. कॅन्सरच्या पेशी अडकतात, बाकी रक्त पुढं जातं. दीपिकाच्या आईचं, धुरपताबाईंचं रक्त न तुंबता गेलं. पेशी एकही नाही. त्याच नळीतलं हिमोग्लोबिन तेरा, अगदी चांगलं." त्यांचा आवाज खाली आला. "औषध मीच थांबवलं."

नळी घेताना तंत्रज्ञ दिव्यानी एकटीच होती. "रक्त चांगलं होतं," ती म्हणाली. "लगेच चिपवर सोडलं."

जिवतीहून नळी आणणारा ड्रायव्हर विक्की अंगणात भेटला. "घाटात गाडी बंद पडली, ताई. पोचलो तं नळी उलटी केली तरी रक्त हालेना. जेलीवानी. दिव्यानीताईले दाखवलं बी."

"उशीर ह्यानंच केला," धनराज कुजबुजला. "सापडला गुन्हेगार!"

रंजीता गाडीत बसल्या. जिवतीला धुरपता खाटेवर पडून होती.

"नळीत रक्त देल्लं, त्याच दिवशी दवाखान्यात नेलं," तिचा नवरा इसरू म्हणाला. "डॉक्टर म्हणे, अंगात रक्तच नाई. दोन पिशव्या चढवल्या."

संध्याकाळी रंजीतांनी सगळ्यांना प्रयोगशाळेत बसवलं.

"त्या दिवशी धुरपताबाईंच्या अंगात रक्त नव्हतं, मग नळीत तेरा कुठून? आणि गोठलेलं रक्त बारीक वाटांतून न तुंबता गेलं कसं? चिपवर दुसऱ्याचं रक्त गेलं."

"विक्कीनं बदललं?" धनराजने विचारलं.

"बदलणारा गुठळीची गोष्ट स्वतःहून सांगेल? विक्कीनं नळी दिली, त्यानंतर ती फक्त दिव्यानीच्या हातात होती. आणि तीच म्हणते, रक्त चांगलं होतं."

दिव्यानीने चेहरा झाकला. "आधीचे दोन नमुने माझ्या हातून खराब झाले होते. सर म्हणाले होते, तिसरा गेला तर घरी बस. मी माझंच रक्त काढलं. वाटलं, एका तपासणीनं काय होते... औषध थांबवतील, हे नव्हतं वाटलं."

डॉक्टरांनी मान खाली घातली. ते शब्द त्यांचेच होते.

दुसऱ्या दिवशी दिव्यानी जिवतीला गेली. खाटेपाशी खाली बसून तिने सगळं सांगितलं. दीपिका रागाने उठून बाहेर गेली.

"तेव्हाच सांगतलं असतं, बाई," धुरपता म्हणाली. "मी अजून एक डाव सुईले हात देल्ला असता ना."