राहिलेली तीन मिनिटं

मुलीचे हात गार असतात, एवढ्यावरून कुणाची झोप उडावी का? माझी उडाली. चिंगी तीन वर्षांची होत आली, तरी मी रोज तिच्या पांघरुणात हात घालून तळवे चाचपते. डॉक्टर म्हणतात, काही नाही, प्रकृतीच तशी. नवरा म्हणतो, दाखवायचंच तर तुला दाखवू. दोघांचंही बरोबर असेल. पण हे गारपण कोणत्या दिवशी सुरू झालं ते मला ठाऊक आहे, कारण ती तारीख माझ्याच हस्ताक्षरात एका फॉर्मवर आहे.

शहरात उरलेल्या पाणथळ जागा तपासायचं माझं काम. इमारतींच्या मध्ये कुठे एखादं तळं, कुठे दलदलीची पट्टी तगून असते. ती बुजवण्याआधी तिथे बेडूक आहेत का, ते सांगायचं. बघून नाही, ऐकून. संध्याकाळी काठावर पाच मिनिटं निश्चल बसायचं आणि आकडा लिहायचा. शून्य म्हणजे कोणी नाही. तीन म्हणजे इतके आवाज, की मोजता येत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका तळ्यावर चिंगीला बरोबर न्यावं लागलं. दहा महिन्यांची, अंगात ताप, घरी कोणी नाही. दुपट्यात गुंडाळून तिला काठावरच्या गवतात ठेवलं. दोन मिनिटं झाली आणि ती रडायला लागली. मी दुपटं उचललं, आत न बघताच धावत गाडी गाठली आणि निघाले. फॉर्म नंतर भरला. शून्य. घरी पोचले तर ताप उतरलेला, हात गार. मला वाटलं, सुटले.

त्या शून्यावर तळं बुजलं. त्याच्या जागी जमिनीखाली चार मजले जाणारं वाहनतळ झालं. आता मागची उरलेली पट्टीही हवी होती, आणि ऐकायला पुन्हा मीच. अहवाल दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. पाळणाघर बंद, म्हणून चिंगीही बरोबर.

या वेळी ठरवूनच गेले होते : पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं. पट्टीवर पुरती पाच बसले. काही नाही. पुन्हा पाच. काही नाही. वाहनतळाचा रखवालदार लांबून बघत होता.

"वर काय ऐकताय ताई? आवाज खालून येतो."

"कसला?"

"ते तुम्ही सांगा, तुम्ही शिकलेल्या. पंपवाला म्हणतो पंपाचा आहे. पंप बंद असला, तरी म्हणतो पंपाचाच." तो हसला, पण अर्धवटच. "चौथ्या मजल्यावर कोणी गाडी लावत नाही. मीही जात नाही."

मी जन्माची भित्री. लिफ्टमध्ये एकटी असले तर आरशाकडे पाठ करते. पण चिंगीचा हात धरला आणि उतार उतरू लागले.

चौथा मजला रिकामा होता. सगळीकडे सिमेंट, आणि वास मात्र चिखलाचा, शेवाळाचा. तिथले दिवे माणूस हललं की लागणारे. आणि ऐकायचं तर हलायचं नाही. चिंगीला मांडीवर घेऊन मी खांबाला टेकले, घड्याळ लावलं. थोड्या वेळानं आमच्यावरचा दिवा विझला.

पहिलं मिनिट. कुठेतरी थेंब पडत होता.

दुसरं मिनिट. थेंब थांबला.

मग समोरच्या टोकाचा दिवा लागला. त्याखाली कोणी नव्हतं. तिथून धावती पावलं निघाली, बाईची, ओल्या गवतातून गेल्यासारखी... आणि ती पुढे सरकत गेली तसतसा एकेक दिवा लागत गेला. आमच्यासमोरून पावलं उताराकडे गेली. त्या चपलांचा आवाज मी ओळखला. गाडीचं दार आपटलं. गाडी सुरू झाली, लांब गेली, ऐकू येईनाशी झाली.

बाळाचं रडणं मात्र तिथेच होतं.

मला पळायचं होतं. पाय आधीच वळले होते. पण घड्याळात अजून तीन मिनिटं होती, आणि एकदा मी तेवढीच देणं टाळलं होतं. मी चिंगीला घट्ट धरलं आणि हलले नाही. दिवे एकेक करून विझले.

आणि मग जमिनीखालून पहिला बेडूक बोलला. मग दुसरा. मग सगळे... सिमेंट थरथरत होतं. त्या कल्लोळात ते रडणं बुडून गेलं. मी पाच मिनिटं पुरी केली, मोबाईलच्या उजेडात फॉर्मवर लिहिलं : तीन.

घरी आल्यावर आधी ऑफिसच्या मॅडमना फोन केला.

"बुजवलेल्या तळ्यात बेडूक? असं लिहू नकोस, हसतील."

"हसू देत. दोन वर्षांपूर्वीचं शून्य खोटं होतं, तेही लिहिणार आहे. मी दोनच मिनिटं बसले होते."

"नोकरी जाईल तुझी."

"जाऊ दे. पट्टी तरी राहील."

फोन ठेवला तेव्हा डोकं बऱ्याच दिवसांनी शांत होतं. रात्री नेहमीसारखी पांघरुणात हात घालून बसले. तळवे गारच.

"आज घाबरलीस का गं तिथे?"

तिनं मान हलवली. नाही.

"ते बाळ रडत होतं ना, ती तूच होतीस. लहानपणीची. आई तुला उचलून पळाली, म्हणून रडत होतीस."

चिंगीनं माझ्याकडे बघितलं, आपण लहान मुलांची समजूत काढताना बघतो तसं. मग माझा हात आपल्या गार हातांत घेऊन म्हणाली,

"नाही आई. दुपट्यात मी होते. ती गवतातच राहिली."